भरल्यावर बसेल

काळजी करायची मला सवयच आहे. दूध उतू जाईल म्हणून मी ते नीट तापायच्या आधीच गॅस बारीक करते. आई म्हणायची, मन चिंती ते वैरी न चिंती, आणि ही म्हण तिनं बहुतेक माझ्यासाठीच राखून ठेवली होती. तेव्हा त्या वर्षी गणपतीच्या आधी मी जे काही भोगलं त्यातलं खरं किती आणि माझ्या डोक्यातलं किती, ते मला आजही धड सांगता येणार नाही.

आम्ही काशीचेच. ब्रह्मा घाटाजवळच्या गलीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि गच्ची. आई गेलेली, दादा पुण्याला नोकरीत, मी इथं मुलींच्या शाळेत शिकवायला, आणि घरात बाबा. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. रेल्वे म्हटलं की लोकांना ड्रायव्हर नाहीतर टीसीच आठवतो. बाबा ह्यातले कोणी नव्हते. ते गाड्या तपासायचे. मालगाडी यार्डात उभी राहिली की हातोडी घेऊन चाकाचाकाला ठोकत, वाकून वाकून डब्यांचे जोड बघत पार शेवटपर्यंत जायचं. एखादा डबा नादुरुस्त दिसला की त्यावर खडूनं ‘सिक’ लिहायचं. बाबांनी सिक लिहिलं की तो डबा कापून बाजूला निघायचा, मग आत साखर असो की साहेबाचं सामान. लहानपणी मला ताप आला तर बाबा माझ्या पाटीवर खडूनं सिक लिहून ठेवायचे आणि त्या दिवशी शाळेला सुट्टी.

त्या वर्षी वैशाखात बाबा सकाळी दही आणायला म्हणून गेले ते दुपार झाली तरी परतेनात. मी मैदागिनपर्यंतच्या सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. घाटावर जाऊन पाण्याकडे बघायचं धाडस होईना, तरी तेही केलं. शेवटी बाबांच्या ओळखीचा रेल्वेतला एक खलाशी त्यांना रिक्षात घालून घेऊन आला. म्हणाला, “बहनजी, बाबूजी यार्ड में थे. खड़ी मालगाड़ी के पहिये ठोक रहे थे, छड़ी से.” दह्याचं भांडं बाबांच्या हातात तसंच होतं, रिकामं.

“बाबा, तिथं कशाला गेला होतात?” मी जवळजवळ ओरडलेच.

“गाडी उभी होती,” बाबा म्हणाले. जसं काही उभी गाडी सोडून दही आणायला जाणाराच वेडा.

मग डॉक्टर झाले, मेंदूचा फोटो झाला. मोठी काळी फिल्म आणि तिच्यावर ओळीनं डोक्याचे काप, फोडलेल्या अक्रोडासारखे. डॉक्टर म्हणाले, लहानसा झटका येऊन गेला असेल, नसेलही, नक्की सांगता येत नाही, लक्ष ठेवा. आता लक्ष ठेवा हे कोणाला सांगायचं? मला? त्या दिवसापासून बाबांनी चहाचा घोट गिळला की नाही तेसुद्धा मी बघायला लागले.

बूथवर जाऊन दादाला फोन केला. तो ऐकून घेऊन म्हणाला, “मी नेतो त्यांना पुण्याला. तू शाळेत गेलीस की मागं कोण आहे? उद्या घाटाच्या पायऱ्यांवरून खाली गेले तर?” हे वाक्य मी स्वतःशी रोज म्हणत होते, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते आता खरंच होणार असं वाटायला लागलं.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, “अगं, मरायला लोक कुठून कुठून काशीला येतात आणि मी इथला माणूस पुण्याला जाऊ? म्हणजे माझी राख घेऊन तुम्ही परत इकडंच येणार. त्यापेक्षा मी इथंच बसतो.”

शेवटी दादानं ठरवलं की गणपतीला येतो, स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. बाबा ठीक वाटले तर राहू देत, नाहीतर सोबत घेऊन जातो. “आणि तो फोटो नीट ठेव,” तो म्हणाला. “इकडच्या डॉक्टरांना दाखवायचाय.”

म्हणजे बाबांची तपासणी होणार होती. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्यांवर सिक लिहिलं त्याच्यावर आता लिहायचं की नाही ते दादा ठरवणार होता. दादाचं चुकत होतं असं मी म्हणत नाही. पण बाबा गेले असते तर त्या दोन खोल्यांत मी आणि माझी काळजी, दोघीच उरलो असतो. आणि पुण्याच्या चौथ्या मजल्यावर बाबा काय ठोकत बसले असते?

आता गाडीचं सांगते. आमच्या घरी गणपतीभोवती आगगाडी फिरते. मखराच्या भोवती लाकडी पाट मांडायचे, पाटांवर छोटे रूळ. डबे बाबांनी बिस्किटांच्या डब्यांच्या पत्र्यातून केलेले, खऱ्यासारखे, खाली बोग्या म्हणजे चाकं धरणारे सांगाडे. आरती झाली की स्वयंपाकघराच्या दाराशी डब्यांत खिरापत भरायची. गाडी बाप्पाला प्रदक्षिणा घालून ओळीनं बसलेल्या मंडळींपुढून जायची आणि ज्यानं त्यानं आपली चिमूट उचलायची. गलीतली सगळी मराठी घरं ह्या गाडीसाठी आमच्याकडं आरतीला यायची. आईचा फक्त एक नियम होता. ते डबे नैवेद्याचे. वर्षभर देवघराच्या फडताळात राहायचे, चतुर्थीच्या आधी गंगेच्या पाण्यानं धुऊन निघायचे, आणि खिरापतीशिवाय त्यांत दुसरं काही पडायचं नाही. तीही बाप्पाला दाखवल्यावरच. बाबा एरवी संध्येलाही सुट्टी देणारे, पण आई गेल्यावर तिचा हा नियम ते तिच्यापेक्षा कडक पाळायला लागले.

गाडीचं जुनं इंजिन आदल्या वर्षी जळलं होतं. दादा मध्यंतरी कंपनीच्या कामानं परदेशी जाऊन आला, तिथून त्यानं नवं इंजिन आणलं आणि आषाढात एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवून दिलं. हिरवंगार, देखणं इंजिन. आमच्या डब्यांना तारेचे आकडे होते. ह्या इंजिनाचा जोड निराळा, अर्धवट मिटलेल्या मुठीसारखा, दोन मुठी एकमेकींना भिडल्या की आपोआप अडकणाऱ्या. तसल्या जोडांची एक पुडी दादानं डब्यांसाठी पाठवली होती, आणि एक छोटा पितळी ठोकळा. ठोकळा रुळावर ठेवायचा आणि डबा त्याला नेऊन भिडवायचा. ठोकळ्यावरची मूठ आणि डब्याची मूठ एका उंचीला आल्या तर ठीक. नाहीतर डबा वर किंवा खाली घ्यायचा. मला समजलं म्हणजे कोणालाही समजेल.

बाबा खिडकीशी चटई टाकून कामाला लागले. डबा वर घ्यायचा तर बोगी आणि डब्याचा तळ ह्यांच्यामध्ये, स्क्रूभोवती, वायसर, म्हणजे मधे भोक असलेल्या पातळ चकत्या, घालायचे. जोडाच्या खाली एक वाकडी तार लोंबते, तिला बाबा मिशी म्हणायचे. ती रुळाला घासू नये म्हणून पक्कडीनं जराशी वर वळवायची. मी वह्या तपासायच्या निमित्तानं समोर बसून त्यांचे हात बघायचे. हात कापत नव्हते. स्क्रू जागच्या जागी पडत होते. तेवढ्यावर माझा दिवस बरा जायचा.

मग गाडी लावून बघितली. इंजिन निघालं, डबे निघाले, आणि दोन पाटांच्या सांध्यावर इंजिन पुढं गेलं, डबे मागं राहिले. पुन्हा लावली, पुन्हा सुटली. इंजिन आपलं एकटंच फेऱ्या मारतंय, आणि डबे मखरामागं उभे. मी ठोकळा घेऊन बघायला बसले. इंजिन मापात होतं. डबे सगळेच्या सगळे उंच. थोडेथोडके नाही, चांगलेच उंच.

“बाबा, डबे फार वर झालेत.”

“असू देत. भरल्यावर बसेल.”

“म्हणजे?”

“अगं, रिकामा डबा वर असतो, माल भरला की खाली बसतो. रिकाम्यालाच बरोबर माप दिलं तर भरल्यावर जोड खाली जाईल की नाही? तेवढी सूट ठेवावी लागते.”

मला ते पटलं. मग भाजी निवडता निवडता पटेनासं झालं. मूठभर खिरापतीनं पत्र्याचा डबा बसून बसून किती बसणार? पण रेल्वेतलं मला काय कळतं? आणि हे रेल्वेतलं नसलं तर मग कशातलं? बाबा शहाणपणाचं बोलतायत की भलतंच काहीतरी, हेच मला ओळखता येईना. दादापुढं गाडी अशीच सुटली तर? ज्याच्या नजरेतून जन्मात डबा सुटला नाही त्याला पत्र्याची गाडी जोडता येत नाही, मग आणखी काय पाहिजे दादाला?

“बाबा, थोडे तांदूळ घालून बघू या का? बसतोय का कळेल.”

“त्या डब्यांत?” बाबांनी असं बघितलं, जसं काही मी गणपतीलाच चपला घालू या म्हणाले. “तुझ्या आईनं हे ऐकलं असतं म्हणजे! घोडामैदान जवळच आहे. चतुर्थीला खिरापत भरू, तेव्हा बघ.”

झालं. चतुर्थीपर्यंत कळणार नाही, आणि चतुर्थीला दादा समोर बसलेला असणार.

दादा यायच्या आधी मी तो फोटो काढून ठेवायला गेले. पाकीट कपाटातून काढलं आणि फिल्म उजेडात धरली तर तिच्यातून खिडकी दिसत होती. भोकंच भोकं! मोच्याकडं चामड्याला भोक पाडायचा पंच असतो ना, तसल्या पंचानं पाडलेली गोल, गुळगुळीत भोकं. आणि कुठं? कडेला चांगला चार बोटं काळा कोरा भाग होता, त्याला हातही लावलेला नाही. भोकं सगळी डोक्यांतच. एक डोकं धड राहिलं नव्हतं. ह्यातूनच पडलेले ते काळपट चमकणारे वायसर मी रोज बघत होते, आणि कुठून आणले म्हणून एकदा विचारलंही होतं. बाबा तेव्हा “होते घरात” एवढंच म्हणाले होते.

मी तिथंच फरशीवर बसले. ही फिल्म कशाची आहे हे बाबांना माहीत असेल तर त्यांनी ती कापली कशी? आणि माहीत नसेल तर? बाबा बाजूच्या खोलीत पंख्याखाली पेपर वाचत बसले होते. जाऊन विचारायचं, एवढंच काम. बाबा, ही कापलेली फिल्म कशाची होती? पण मला उठवेना. त्यांनी चष्म्यावरून बघून “कसली फिल्म?” असं विचारलं असतं तर मी कुठं जाणार होते? खोटं कशाला सांगू, मी भ्याले. फिल्म पाकिटात घातली, पाकीट ट्रंकेत साड्यांच्या खाली ढकललं आणि जाऊन बाबांना चहा केला.

हरतालिकेच्या सकाळी दादा आला. बाबांना वाकून नमस्कार केला, त्यांच्या चेहऱ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं आणि हात धुतल्या धुतल्या मला म्हणाला, “फोटो कुठंय?”

“शाळेत आहे. कपाटात.”

“शाळेत? शाळेत कशाला नेलास?”

“इथं ओल असते रे. फिल्म खराब होते.” मी इतकं सहज बोलले की माझं मलाच नवल वाटलं. पण चोराच्या मनात चांदणं, मी दिवसभर त्या ट्रंकेकडं पाठ करून बसले.

दादा बाबांची परीक्षा घेत होता आणि बाबांना ते कळत होतं. “बाबा, आज वार कुठला?” असं त्यानं जेवता जेवता सहज विचारलं.

“तुला माहीत नाही? मग ऑफिसला जातोस कसा?” बाबा म्हणाले.

मला हसू आलं, आणि लगेच वाटलं, पण वार सांगितलाच नाही की! दादाच्याही ते लक्षात आलं असावं. तो भात कालवत राहिला. मग म्हणाला, “गाडी लावून दाखवा ना.” तर बाबा म्हणाले, “उद्या. भरून.”

चतुर्थीला खोली भरून गेली. खालच्या मजल्यावरच्या काकू सगळ्यांत पुढं, त्यांच्या मनात येईल ते त्या मोठ्यानं बोलणार, हे ठरलेलं. आरती सुरू झाली. मी टाळ्या वाजवत होते पण शब्द कुठले, माझं सगळं लक्ष त्या पाटांच्या सांध्याकडं. नैवेद्य दाखवला. खोबऱ्याची खिरापत मी डब्यांत चेपून चेपून भरली, अंगठ्यानं दाबली, वर आणखी शीग लावली. बस बाबा, बसायचं असेल तर आता तरी बस, असं त्या डब्याला मनातल्या मनात म्हणत होते. दादा माझ्या शेजारी उभा होता.

बाबांनी बटण फिरवलं. गाडी निघाली, ऐटीत मखरामागं गेली. मखराच्या दुसऱ्या बाजूनं हिरवं इंजिन आलं, एकटंच.

“अगंबाई, इंजिनच आलं! खिरापत मागंच राहिली की हो!” काकू म्हणाल्या.

कोणीतरी हसलं. दादानं माझ्याकडं बघितलं. ती नजर मला चांगली समजली. खडू हातात घेतलेल्या माणसाची होती. मला त्या क्षणी त्याचा राग आला, बाबांचा आला, त्या मेल्या इंजिनाचा तर फारच आला.

बाबा मखरामागं गेले, गुडघे दुखत असताना खाली बसले. पहिल्या डब्यावर बोट ठेवून त्यांनी तो दाबला. पुन्हा दाबला. वाकून बोगीकडं बघितलं. आणि मग मखरामागून हसू ऐकू आलं, चांगलं खो खो.

“अरे, ह्यांना स्प्रिंगच नाही! स्प्रिंग नाही तर बसेल कुठून, कपाळ?” डोळे पुसत ते दादाला म्हणाले, “जन्मभर सूट ठेवली ना, पत्र्याच्या डब्यालाही ठेवून बसलो. ये इकडं, ते पेचकस आण. खिरापत ताटात काढ, सांडू नकोस.”

दादा गेला. दोघं मांडी घालून बसले, डबा उलटा केला, बाबांनी स्क्रू सैल केले. मला पुढचं दिसत होतं आणि काही करता येत नव्हतं. काळे वायसर एकेक करून दादाच्या तळहातावर पडले. त्यानं एक उचलला, समईच्या उजेडात धरला. दुसरा उचलला. अक्रोडाचा तुकडा असावा तशा त्या करड्या वळ्या माझ्या जागेवरूनही दिसल्या.

“हे कशाचे आहेत?”

“जुनं काहीतरी...” मी म्हणाले.

दादानं माझ्याकडं बघितलं नाही. त्याचा चेहरा उतरला होता. अगदी हळू, लहान मुलाला विचारावं तसं त्यानं विचारलं, “बाबा, हा तुमच्या डोक्याचा फोटो आहे का?”

झाला विचारून. जो प्रश्न पोटात धरून मी इतके दिवस फिरत होते तो त्यानं सगळ्या गलीसमोर विचारून टाकला. मी मखराची कड घट्ट धरून उभी राहिले.

“हो,” बाबा म्हणाले. मान वर केली नाही, ते दुसरा स्क्रू सोडवत होते. “फायबरचे वायसर चौकात मिळेनात. पुठ्ठा ह्या हवेत फुगतो. फिल्म फुगत नाही.”

“पण कडेला जागा असेल ना? डोक्यातच का भोकं पाडलीत?”

“कडेला काळं आहे. काळ्यावर पेन्सिलीची खूण दिसते का?”

“अहो बाबा, पण ते डोकं होतं!”

“माझंच होतं ना?” आता बाबांनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं. “दुसऱ्याचं कापायला मी काय वेडा आहे?”

आधी काकू हसल्या. मग सगळी खोली हसायला लागली. दादा हसता हसता मखराला टेकला, आणि मग बघते तर तो तोंडावर रुमाल धरून बसलेला, खांदे हलतायत, आणि ते हसणं नव्हतं. मी रिकामं पातेलं उचलून स्वयंपाकघरात गेले, पदर तोंडात कोंबला आणि मनसोक्त रडून घेतलं. एक वाक्य विचारायचं होतं मला. एकच. बाहेर बाबा दादाला सांगत होते, “ठोकळा लाव. बघ आता. अजून एक काढ. हां, आता मुठीला मूठ आली.”

मी तोंड धुऊन बाहेर आले तेव्हा खिरापत पुन्हा भरून झाली होती. गाडी निघाली, मखरामागं गेली, इंजिन आलं आणि त्याच्यामागून डबे आले, सांध्यावर जरासे हलून पुढं गेले. काकूंनी चिमटीऐवजी मूठच उचलली.

दादानं आपली खिरापत तोंडात टाकली आणि राहिलेले वायसर चाचपत म्हणाला, “पुण्याच्या डॉक्टरांना आता दुसरा फोटो काढून दाखवावा लागेल.”

“काढा की,” बाबा म्हणाले. “पुढच्या वर्षी दोन डबे वाढवायचेत.”

दादा परत गेला तो एकटाच. बाबा त्याला सोडायला स्टेशनवर आले होते. तो खिडकीत बसल्यावर बाबा छडी टेकत त्या डब्याच्या टोकाशी गेले, वाकून जोड बघितला आणि हातानं खूण केली, जाऊ दे.